बारा ग्रॅमचा फरक

३ नोव्हेंबर, सोमवार. सायं. ७.१०

आजपासून रोजनिशी. नियम तीन : रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं. कुणी वाचणार नाही, त्यामुळे नटवायचं कारण नाही. वजनमापं खात्यात सव्वीस वर्षं तपासनीस आहे. दुकानादुकानांतून काटे तपासतो. एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर मला कळतो. अशा माणसाने स्वतःची नोंद ठेवायची नाही तर कुणी ठेवायची?

आजची घटना. चहापत्तीच्या दुकानात तपासणी. मालकीणबाई काउंटरमागे पुस्तक वाचत होत्या आणि एकट्याच खुदुखुदु हसत होत्या. मी दारात, हातात वजनांची पेटी. तपासनीस दारात उभा असताना हसणारा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही. खाकरलो. बाईंनी न बघता एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. पान संपवलं आणि मग काटा दाखवला. काटा बरोबर निघाला. जरा निराशाच झाली.

पुस्तकाचं नाव टिपून घेतलं, रिपोर्टसाठी. 'माळ्यावरची', भाग चार. भुताची प्रेमकथा, आणि वर विनोदी! शिकल्यासवरल्या बाई. त्या म्हणाल्या, घेऊन जा की वाचायला. मी सांगितलं, ड्यूटीवर असताना व्यापाऱ्याकडून काहीही स्वीकारता येत नाही. यावर त्या परत हसल्या. मी काय विनोद केला देव जाणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. ७.४०

वाचनालयातून भाग एक आणला. निव्वळ अभ्यास म्हणून. लोक असलं का वाचतात ते एकदा बघायला हवं.

घरी आलो तर सिंकमधला कप धुतलेला आणि ओट्यावर पालथा. मी कप कधीच पालथा ठेवत नाही, कडेला ओल राहते. सकाळी घाईत ठेवला असेन.

ताईचा फोन. (मोठी बहीण. मी त्रेपन्नचा झालो तरी तिला अजून बापूच.) मंगळवारी नि शुक्रवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी तुझ्याच गल्लीतल्या दवाखान्यात येते म्हणाली, पण तू घरी कुठे असतोस. मी म्हटलं, कामाचा माणूस आहे. फ्रिजमधलं दूध नासलंय, टाकून दे म्हणाली. बघितलं तर खरंच नासलेलं! ताईचं नाक लहानपणापासून तिखट आहे, पण फोनवरून म्हणजे कमाल झाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. ८.००

भाग एक संपला. तीनशे बारा पानं, तीन संध्याकाळी. अभ्यास म्हणजे अभ्यास.

कथानक असं. विमा कंपनीतला एक बावळट कारकून जुनं घर घेतो. माळ्यावर एक बाई आहे, मेलेली. भर जेवणाच्या टेबलावर विनोद सांगता सांगता गेली, शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं. तो विनोद पूर्ण ऐकवल्याशिवाय तिला सुटका नाही. आणि हा ऐकून घेत नाही! ती सुरुवात करते, हा शिट्टी वाजवतो, नळ सोडतो, खोकतो. कारण ऐकला की ती जाणार. अकरा भाग हेच, मलपृष्ठावर तसंच छापलंय. दरम्यान ती त्याच्या टायची, केसांची, स्वयंपाकाची यथेच्छ टिंगल करते आणि तो प्रेमात पडतो.

माझे आक्षेप : (१) भुताला वजन नाही, मग जिना कसा करकरतो? (२) नायक मूर्ख आहे. (३) दुसरा भाग वाचनालयात लगेच मिळाला नाही.

निळ्या शर्टाचं दुसरं बटण गेले दोन महिने नव्हतं. आज कपाटातून काढला तर आहे. दोरा पांढरा. मी बटण लावल्याचं आठवत नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू कराव्यात.

९ नोव्हेंबर, रविवार. ५.३०

भाग दोन आणि तीन. दिवसभर गादीवरच. कुणाचा फोन नाही, म्हणजे शांतता चांगली मिळाली.

एक मुद्दा नोंदवून ठेवतो. साध्या भुताच्या गोष्टी मी तरुणपणी वाचल्यात. त्या एकट्याने वाचता येतात, घाबरायला एक माणूस पुरतो. पण थट्टेला दोघं लागतात. स्वतःची टिंगल स्वतः करून बघितली आज, आरशासमोर. जमत नाही. लेखकाने ही गोष्ट बरोबर पकडली आहे. या घरात माझ्यावर शेवटचं कुणी हसलं असेल तर आई. अकरा वर्षं झाली. माझ्या छत्रीवरून हसली होती.

दुसरा मुद्दा : हे भूत घर सोडून जाऊ शकत नाही. नायक ऑफिसातून येतो तेव्हा ती असतेच. कुठे होतास इतका वेळ, असं विचारते. लोक हे का वाचतात ते साधारण लक्षात आलं. माझा अभ्यास इथे संपवायला हरकत नाही.

भाग चार, पाच, सहा राखून ठेवायला सांगितलेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार. ६.५०

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्यावं. (कुणी? असो.)

दार उघडलं. खोली आवरलेली. वाळलेले मोजे जोड्या लावून घडी घातलेले. आणि एक मोजा, ज्याच्या टाचेला माझी मूठ जाईल एवढं भोक आहे, तो उशीवर मधोमध पसरून ठेवलेला. भोकातून उशीच्या अभ्र्यावरचं फूल बाहेर डोकावत होतं.

मी पाच मिनिटं बघत उभा राहिलो. ही थट्टा आहे! माझ्या घरात कुणीतरी माझी थट्टा करतंय!

हसलो. मोठ्याने. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ७.००

शांत डोक्याने विचार केला. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, उगाच हुरळून जाणारा मी नव्हे.

निष्कर्ष : घरात भूत आहे.

आई नक्की नाही. आईने मोजा उशीवर ठेवला नसता, माझ्या हातात सुई दिली असती. चोर नाही, चोर बटणं लावत नाहीत. कुलूप जागच्या जागी असतं. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी ताईकडे, आणीबाणीसाठी दिलेली. आणीबाणी कधी आली नाही, म्हणजे ती किल्ली वापरात नाही. उरलं काय?

वेळापत्रक काढलं. संध्याकाळी काहीही घडत नाही, रात्री नाही, रविवारी तर नाहीच. फक्त मंगळवार आणि शुक्रवार, ऑफिसच्या वेळेत. बाई हयात असताना सरकारी नोकरीत असाव्यात.

संकल्प : घाई करायची नाही. आधी पुरावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. ७.१५

पुरावा मिळाला!

मी स्वतः चहात साखर घेत नाही. बरणी पाहुण्यांसाठी आहे. शेवटचा पाहुणा म्हणजे मीटर बघायला आलेला माणूस, तोही पाणी पिऊन गेला. म्हणजे साखर हलायचं कारणच नाही. सकाळी, ऑफिसमधून घरी आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरणीतली साखर तोलली : ९४८ ग्रॅम. संध्याकाळी : ९३६. फरक बारा ग्रॅम. माझ्या चमच्याने दोन चमचे, सपाट.

ती चहा पिते! दोन चमचे साखर घालून! आणि कप धुऊन पालथा!

रीतसर तक्ता केला. तारीख, आधी, नंतर, फरक, तपासनिसाची सही, पक्षकाराची सही. आमच्याकडे प्रत्येक तपासणीवर दोन सह्या लागतात. पक्षकाराची जागा तूर्त कोरी ठेवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. १.००

चहापत्तीवाल्या बाईंकडे गेलो. ड्यूटीवर नव्हतो, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. आडून आडून विचारलं की समजा, एखाद्या भुताला चहा आवडत असेल तर कुठला आवडेल. बाई इतक्या हसल्या की गिऱ्हाईक परत गेलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, कितव्या भागावर आहात? मी म्हटलं, सहाव्या. म्हणाल्या, मी अकरावा वाचलेलाच नाही, दोन वर्षं घरात पडलाय, धीर होत नाही. दिवसाला शंभर माणसं दुकानात येतात म्हणाल्या, सगळी भाव विचारतात, पण माझ्या केसांना आज काय झालंय असं विचारणारं कुणी नाही. म्हणून ती माळ्यावरची लागते.

मी बाईंच्या केसांकडे बघितलं. विशेष काही दिसलं नाही. तसं सांगितलं. त्यांनी हसणं थांबवून काटा पुसायला घेतला.

मी काहीतरी चुकीचं बोललो असणार, पण ती चूक तपासायला वेळ नाही. घरचं प्रकरण महत्त्वाचं.

१६ नोव्हेंबर, रविवार. ११.३०

ताईचा फोन. भावोजी रिटायर झाले, आता दोघं भाचीकडे राहायला जाणार, कायमचं. बसने चौदा तास. तीस तारखेला निघणार. सामान बांधणं सुरू आहे.

मी म्हटलं, छान. नातवंडं आहेत, वेळ जाईल.

 ताई म्हणाली, तुझं कसं होईल रे? मी म्हटलं, माझं काय व्हायचंय, अकरा वर्षं सांभाळतोच आहे की सगळं. कप, कपडे, बटणं. ती म्हणाली, हो, सांभाळतोस खरा. मग म्हणाली, येत्या रविवारी जेवायला ये, निवांत बसू, मला तुझ्याशी बोलायचंय. येतो म्हटलं.

ताई जाणार याचं वाईट वाटलं का? वाटलं असतं. पण आता या घरात मी एकटा नाही ना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. ८.१०

आज निर्णायक चाचणी. सकाळी घरातल्या प्रत्येक फटीला सील केलं. खिडक्या चार, बाल्कनीचं दार, न्हाणीघराचा झरोका, एक्झॉस्ट फॅन. खात्याच्या पद्धतीप्रमाणे कागदी पट्टी, तिच्यावर सही, तारीख, वेळ. पुढच्या दाराला सील केलं नाही. त्याला कुलूप आहेच.

शिवाय भाग दोनमधल्या नायकाप्रमाणे बशीत एक चॉकलेट ठेवलं.

संध्याकाळ : सातही सील शाबूत. साखर ९३६ वरून ९२४. चॉकलेट गायब. बशीत चांदीच्या कागदाची बाहुली, घेरदार झगा घातलेली, एका पायावर उभी. अशा बाहुल्या आमच्या लहानपणी घरात कुणीतरी करायचं. कोण ते आता आठवत नाही. असो.

म्हणजे ती भिंतीतून येते. सिद्ध झालं.

आठ वाजता ताईचा फोन. खिडक्यांतून वारा येतो का रे, कागद चिकटवावे लागतात ते? मी थक्क! एका शब्दाने बोललो नव्हतो. बहिणीचं मन म्हणतात ते हेच. नाही म्हटलं आणि विषय बदलला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. ७.००

साखर ९१२. बाहुली नंबर दोन. कोपऱ्यातलं स्टूल परत दारापाशी. गेल्या तीन-चार वेळा हेच. मी कोपऱ्यात ठेवतो, ती दाराशी आणते. म्हणजे आल्या आल्या आधी बसते. भुताला धाप लागते? तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, हे मान्य. पण भिंतीतून येणाऱ्याला जिना कशाला? टीप : विचारायचं.

आता मूळ प्रश्न. प्रेमाचा. प्रामाणिकपणे लिहायचं तर प्रेम असं अजून वाटत नाही. पण पुस्तकातही तिसऱ्या भागापर्यंत कुणाला वाटत नाही. सध्या एवढंच वाटतं की मंगळवारी आणि शुक्रवारी जिना भराभर चढावासा वाटतो. दार उघडताना बरं वाटतं. आत काय झालं असेल, असं वाटतं. गेली कित्येक वर्षं आत काय झालं असेल ते मला दाराबाहेरूनच माहीत असायचं.

याला काय म्हणतात ते लेखकाला माहीत असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. ४.००

ताईकडे जेवायला जायचं होतं. बारा वाजता निघणार होतो. साडेअकराला सहज नववा भाग उघडला. नायक तापाने फणफणलेला आणि ती त्याच्या उशाशी बसून त्याच्या घोरण्याची नक्कल करत्येय. एवढं पान संपवून उठू म्हटलं.

तीन वाजता ताईचा फोन. जेवण झाकून ठेवलंय म्हणाली. पोट बिघडलंय असं सांगितलं. तिने लगेच मऊ भात खा, आलं टाकून पाणी उकळ, वगैरे. मग म्हणाली, बापू, मला तुला एक सांगायचं होतं, समोरासमोर. मी म्हटलं, सांगशील गं, कुठे पळून चाललीस. मग आठवलं की चाललीय.

पुढच्या आठवड्यात नक्की जाणार. एक संध्याकाळ काढायची. बुधवार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. ७.२०

अद्भुत! माझ्या कागदी पट्ट्या काढून टाकलेल्या आणि त्या जागी चारही खिडक्यांना वारा अडवायची फोमची पट्टी, कडेपर्यंत नीट कापून बसवलेली. ही बाई माझ्या मनातलं ओळखते. (खिडक्यांतून वारा येतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता येत नाही, तेव्हा कळलं.)

साखर ९००. बाहुली नंबर तीन. तिघी खिडकीत ओळीने उभ्या केल्या.

निर्णय घेतला. मंगळवार, दोन डिसेंबर, रजा. घरीच थांबायचं आणि तिच्यासमोर प्रकट व्हायचं. सहसा भुतं प्रकट होतात, पण कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. सव्वीस वर्षांत मी हे कारण दिलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. ६.४५

काल ताईकडे जाणं जमलं नाही. नव्या शर्टाचं माप द्यायचं होतं.

आत्ता तिचाच फोन आला. उद्या शेवटचं, असं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, शेवटचं वगैरे बोलू नये. ती म्हणाली, ऐकून तर घे, टेबलावर मी... मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

दूध उतू जात नव्हतं. ताई भावुक झाली की मला काय बोलावं कळत नाही. रविवारी स्टँडवर भेटणारच आहोत. सकाळी १०.४० ची बस. १०.०० ला पोचणार. लिहून ठेवतो : १०.००.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. ७.३०

आज तिने कहर केला. फ्रीझरमध्ये बारा डबे, सूपचे, वर एक ते बारा आकडे. नुसत्या आकड्यांवरून अक्षर ओळखता येत नाही. सगळ्या शर्टांची बटणं पक्की केलेली. भोकाचा मोजासुद्धा रफू केलेला, पांढऱ्या दोऱ्याने. न्हाणीघरातला बल्ब बदललेला. कुंडीतल्या झाडाला पाणी इतकं की बशी भरून वाहिली.

साखर ८८८. बाहुली नंबर चार, बाकीच्या तिघींच्या शेजारी, तिनेच उभी केलेली.

आणि टेबलावर एक किल्ली.

किल्लीचा अर्थ बराच वेळ लावत बसलो. भाग आठमध्ये ती नायकाला माळ्याची किल्ली देते, म्हणजे विश्वास. मला माळा नाही. म्हणजे नुसता विश्वास. मंगळवारची माझी योजना तिला कळली असणार आणि होकार आहे. किल्ली खिशात ठेवली.

तरी घरात आज काहीतरी जड वाटतंय. सूपच्या वासाने असेल.

३० नोव्हेंबर, रविवार. १२.१५

नऊला निघालो. वाटेत भांड्यांचं दुकान उघडं दिसलं. माझ्याकडे कप एकच. मंगळवारी दोन लागतील. तसाच जोडीचा मिळेना, त्यात थोडा वेळ गेला. काठ निळा की हिरवा, त्यात आणखी थोडा.

स्टँडवर १०.५२. फलाट रिकामा. तेलाचा ओला डाग आणि एक झाडूवाली.

तिने विचारलं, चौदा तासांची का? एक बाई पायरीवर उभ्या होत्या म्हणाली, कंडक्टर ओरडला तरी चढेनात, गुडघ्याला पट्टा होता, शेवटी नवऱ्याने हात धरून वर घेतलं.

तसं ताईला निरोपाबिरोपाच्या गोष्टी आवडत नाहीतच. फोन करायचा होता, पण ती दमली असेल. कप हिरव्या काठाचा घेतला.

२ डिसेंबर, मंगळवार

८.००. नवा शर्ट. दाढी. टेबलावर दोन कप, साखर, बशीत चॉकलेट. बोलायची वाक्यं पाठ. पहिलं वाक्य : तुम्ही बसून घ्या आधी. स्टूल दाराशी ठेवलंय.

१०.००. काही नाही. दवाखान्यासमोर रिक्षा थांबल्याचा आवाज दोनदा.

११.३०. वाट बघता बघता अकरावा भाग काढला. जिना करकरला! वरच्या मजल्यावरचे होते.

१.००. सूप प्यालो, डबा नंबर एक. चव ओळखीची आहे. फार ओळखीची आहे.

२.४०. अकरावा भाग संपला. नायक शेवटी विनोद ऐकून घेतो. शिट्टी नाही, नळ नाही. तिला सांगायचंय, तर सांगू द्यावं, म्हणून. विनोद अगदी सुमार निघाला, कुणीही सांगेल असा. तो हसतो. ती जाते. पुढे चार पानं तो नुसता भांडी घासतो. अकरा भाग लिहून हा काय शेवट झाला? लेखकावर रीतसर कारवाई व्हायला हवी.

४.००. कुणी नाही.

५.३०. ऑफिस सुटायची वेळ. आता ती येणार नाही. साखर ८८८. फरक शून्य.

६.१०. खिशातली किल्ली काढली. सहज म्हणून पुढच्या दाराला लावून बघितली. फिरली.

६.१५. परत फिरवून बघितली.

५ डिसेंबर, शुक्रवार. ८.२०

दोन दिवस लिहिलं नाही. रोज लिहायचा नियम तसा आधीही मोडलाय.

आजही शुक्रवार असून साखर ८८८. मग ताईला फोन लावला. पोचलीस का नीट, गुडघा कसा आहे, वगैरे झालं. मग विचारलं, ताई, तू चहात साखर किती घेतेस?

ती म्हणाली, साखर? सहा वर्षं झाली सोडून, डॉक्टरने बंद केलीय, माहीत नाही का तुला?   मागे भावोजी कुणाला तरी हाका मारत होते. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, दोन चमचे. यांना सांगू नकोस हं.

मी म्हटलं, तीन मजले चढायचीस?

हळूहळू, म्हणाली. वर पोचलं की स्टूल होतंच. आई गेली तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, कुणी यायची गरज नाही, मी सांभाळीन. तुला वाईट वाटायला नको म्हणून तू नसतानाच यायची. आत जायचं, जरा हात फिरवायचा, आपल्या घरात बसून गोड चहा प्यायचा आणि निघायचं. वाटायचं, याला कळत असेल का? कधी वाटायचं, भिंतींशी बोलून जातेय मी.

 नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, आणि मग त्या दिवशी बशीत चॉकलेट होतं. बापू, मी त्या स्टुलावर बसून रडले रे. म्हटलं, कळतंय याला. बोलायचा नाही कधी, पण कळतंय. नंतर दर वेळी ठेवायचास. तेच मला सांगायचं होतं तुला समोर बसवून, की माझ्यापर्यंत पोचलं ते.

सव्वीस वर्षांत मी एकाही कागदावर खोटा शेरा मारलेला नाही. आज मारला. म्हटलं, हो ताई. तुझ्यासाठीच ठेवत होतो.

मग फार रडू आलं. दूध उतू जातंय म्हणणार होतो, पण नाही म्हटलं. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. नातवाचा दात, नव्या घराची गळकी टाकी, भावोजींची कुरकुर. मध्ये एकदा विचारलं तिने, रफू केलेला मोजा घातलास का? मी म्हटलं, घातलाय. म्हणाली, पांढरा दोरा काळ्या मोज्यावर, लोक हसतील तुला. आणि स्वतःच हसली. चौदा तासांच्या अंतरावरून.

संकल्प केलेला नाही.

आत्ता चहा केला, हिरव्या काठाच्या कपात. दोन चमचे साखर घातली, सपाट. फार गोड झाला. सगळा प्यालो. कप धुऊन पालथा ठेवला.

साखर : ८७६. फरक बारा ग्रॅम. कारण : मी.